डावी भुवई

धाकट्याने गाडी फाटकातून आत घेतली, मागेपुढे करून वळवली आणि तोंड रस्त्याकडे करून लावली. ताईने ते वरच्या खिडकीतून पाहिलं. मुक्कामाला आलेला माणूस गाडी कशीही लावतो. तोंड फिरवून लावलेली गाडी न्यायला आलेली असते.

तसं ते ठरलेलंच होतं. बाबा मोरीत पडले त्याच आठवड्यात दोघा भावांनी फोनवर बोलून ठरवलं होतं, आणि मग ताईला कळवलं होतं. खाली कारखाना, वर दोन खोल्या, मध्ये उभा लोखंडी जिना. डोळ्यांनी अंध झालेल्या म्हाताऱ्या माणसाने अशा घरात राहायचं कसं? धाकट्याच्या शहरात लिफ्ट होती, जवळ दवाखाना होता, दिवसभराला बाई ठेवायची सोय होती. सगळं खरं होतं. ताईला फक्त बाबा जायला नको होते. आई गेल्यापासून ह्या दोन खोल्यांत ती आणि बाबा असे दोघेच उरले होते, आणि दोनातून एक गेला की किती उरतात ते सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

"काय ताई, सामान बांधलं का?" धाकटा जिना चढतानाच ओरडला. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची सवय जुनी. उंटावरून उतरला तरी आवाज तोच राहायचा.

"बांधलंय. चहा घे आधी."

"चहा घेऊ, जेवू आणि निघू. अंधाराच्या आत पोचलेलं बरं."

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, हात मांडीवर. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "जाड झालास का रे? पायऱ्या कुरकुरल्या."

"जिना जुना झालाय, बाबा."

"जिना मी स्वतः जोडलाय. तो कुरकुरत नाही."

मागोमाग मधला आला, त्याच्यामागे त्याची बायको. तिला वहिनी म्हणायचा हक्क खरं म्हणजे फक्त धाकट्याचा, पण त्याने लग्नाच्या दिवसापासून असा काही धोशा लावला की सगळं घर तिला वहिनीच म्हणू लागलं, ताईसुद्धा. ही दोघं दोन गल्ल्या पलीकडे राहत. मधला खाली पत्रा कापायचं मशीन चालवायचा, ताई वर बसून रेघा काढायची, आणि त्या दोघांच्या जिवावर तीन पिढ्यांचा कारखाना अजून उभा होता. आजोबा हातकरवतीने पितळेची अक्षरं कापायचे. बाबांनी दुकानांच्या पाट्या केल्या, फाटकं केली, खिडक्यांच्या जाळ्या केल्या. आणि मग मशीन आलं, आणि हातांचं काम संपून डोळ्यांचं सुरू झालं, नेमकं तेव्हाच बाबांचे डोळे काचबिंदूने जायला लागले.

मशीनला फोटो कळत नाही, हे ताई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायची. फोटो म्हणजे नुसते ठिपके. मशीनला लागते रेघ: इथून निघ, इथे वळ, इथे थांब. कुणी फुलाचा फोटो घेऊन येई, कुणी घोड्याचा, कुणी दुकानाच्या चिन्हाचा, आणि ताई पडद्यावर तो फोटो खाली ठेवून त्यावर रेघ ओढत बसे. कॉम्प्युटरला सांगितलं तर तो आपोआप रेघ काढून देतो, पण ती रेघ म्हणजे थंडी वाजलेल्या माणसाची सही. जिथे चार बिंदूंत काम होतं तिथे चारशे टाकतो, आणि मशीन प्रत्येक बिंदूवर अडखळत पत्रा जाळत बसतं. ताईची रेघ तशी नव्हती. बाजारात तिला रेघवाली म्हणत, आणि तिने कापायला दिलेली फाइल मशीनवर कधी अडली नाही.

ह्या वेळची फाइल मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. ही कल्पना सुचली वहिनीला. बाबा जाणार हे पक्कं झालं तेव्हा तीच म्हणाली होती, "आईंचा फोटो देऊन त्यांना काय उपयोग? बोटाला लागेल असं काहीतरी करा की. घरात मशीन आहे, ताई आहेत." सगळ्यांना ते पटलं. ताईला तर इतकं पटलं की तिने हातातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सारली.

जेवणाआधीच मधल्याने तो पत्रा आणला. वहीच्या पानाएवढा, पातळ, पोलादी. त्यातून आईचा चेहरा आरपार कापलेला: कपाळ, भुवया, नाक, ओठ, हनुवटी. आतले तुकडे सुटून पडू नयेत म्हणून ताईने जागोजागी बारीक जोड ठेवले होते, आणि मधल्याने दोन दिवस कानस मारून बोटाला पत्र्याची बारीक कूस टोचणार नाही इतक्या कडा गुळगुळीत केल्या होत्या. तो असल्या कामाला कंटाळणारा माणूस, पण ह्या वेळी त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

"बाबा, हात पुढे करा," मधला म्हणाला. "काय आहे ओळखा."

बाबांनी पत्रा मांडीवर घेतला. आधी चारी कडा चाचपल्या, जाडी बघितली, सवयीने. मग उजव्या हाताचं बोट हनुवटीवर टेकवलं आणि हळूहळू वर नेलं. ओठांवरून. नाकावरून. वहिनीने पदराचं टोक हातात घेऊनच ठेवलं होतं, डोळे पुसायची तयारी म्हणून. बोट भुवयांपर्यंत गेलं, एका भुवईवरून फिरलं, दुसरीवरून फिरलं, परत पहिलीवर आलं.

"छान आहे," बाबा म्हणाले. "कोण आहे ही?"

मधला हसला, मग थांबला. "बाबा, आई आहे."

"कुणाची?"

"आपली! म्हणजे, आमची. आई."

"नाही रे." बाबांनी पत्रा परत चाचपला. "ही कुणी गरीब गाय आहे. मी ज्या बाईशी जन्मभर भांडलो ती ही नव्हे."

बाबा ते म्हणाले त्या क्षणी ताईला कळलं, काय झालंय आणि कुठे.

आईचा तरुणपणीचा समोरून काढलेला फोटो एकच होता. बाकी सगळ्या फोटोंत ती कडेला, नाहीतर वाढताना, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे. बाबांची नजर गेली त्यानंतरच्या फोटोंचा उपयोग नव्हता. अर्धांगाचा झटका आल्यावर तिचा चेहरा एका बाजूला ओघळला होता, आणि तो चेहरा बाबांनी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून ताईने भिंतीवरचा जुना फोटो फ्रेममधून काढला. ओल धरून तो काचेला चिकटला होता, आणि चिकटलेली बाजू कधीचीच डागाने झाकली होती. सोडवताना आईचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला.

मग ताईने तेच केलं जे ह्या धंद्यात सगळेच करतात. फाटक असो, जाळी असो, वेलबुट्टी असो, अर्धं काढायचं, उलटवायचं आणि मधोमध जोडायचं. डावं-उजवं तंतोतंत जुळतं, निम्मा वेळ वाचतो. तिने आईचा उरलेला अर्धा चेहरा जीव ओतून काढला, उलटवला आणि जोडला. फाटकासारखी आई तयार झाली.

"तिची डावी भुवई कुठे आहे?" बाबा विचारत होते. "डावी भुवई वर असायची. मी काही बोललो की चढायची. मी म्हटलं, उद्या माल येतोय, की गेली वर. मी म्हटलं, ह्या वर्षी कर्ज काढत नाही, की गेली वर. नंतर नंतर तर मी बोललो नाही तरी वरच असायची. ह्यात दोन्ही भुवया खाली घालून बसल्यात!"

"बाबा, उजवी," मधला म्हणाला. "मला चांगली आठवते. शाळेतून उशिरा आलो की दारात उभी असायची, उजवी भुवई अशी."

"तू समोर उभा असायचास, मठ्ठा. तुझी उजवी ती तिची डावी."

"मला तर भुवई आठवतच नाही," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे बघून ती नेहमी हसायचीच."

"तुझ्याकडे बघून हसणारच. तू शेंडेफळ. भुवया आमच्या वाट्याला," मधला म्हणाला.

सगळे हसले, बाबासुद्धा. ताई हसली नाही. मग बाबांनी पत्रा बाजूच्या स्टुलावर ठेवला, नीट, न आपटता, आणि हात पुन्हा मांडीवर घेतले.

"हा चेहरा दुरुस्त करा. तोवर मी कुठे हलत नाही."

"बाबा, असं काय लहान मुलासारखं!" धाकट्याचा आवाज चढला. "पत्रा नंतर पाठवतील. कुरियर आहे, दादा स्वतः येईल."

"नंतर म्हणजे कधीच नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय, मला नको सांगूस."

"दादा, तू बोल ना काहीतरी," धाकटा मधल्याकडे वळून म्हणाला.

मधल्याने खांदे उडवले. "ते नाही म्हणतायत तर नाही. जबरदस्तीने उचलून न्यायचंय का?"

"वा! फोनवर कोण म्हणत होतं, लवकर ये, बाबा पुन्हा पडले तर माझ्या डोक्याला ताप? आता मी दोन दिवस रजा टाकून आलो, तर तू चांगला मुलगा आणि मी कसाई!"

"ए, ताप असं नव्हतो म्हणालो."

"म्हणाला होता," वहिनी मध्येच बोलली. "माझ्यासमोर म्हणाला होता. आणि मीही मान डोलावली होती, उगाच खोटं कशाला बोला. आमच्या दोन खोल्यांत पोरी, अभ्यास, माझी शिवणाची गिऱ्हाइकं. पण ताईंना आपण कुणी विचारलं का?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. वहिनीने आपली बाजू घ्यावी, असं ताईच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते तिला कळेना.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी अर्धा चेहरा उलटवला. मी दुरुस्त करते."

"संध्याकाळपर्यंत होईल?" धाकट्याने विचारलं.

"होईल."

"मग तर काय प्रश्नच नाही," धाकटा म्हणाला, आणि जेवायला बसला.

जेवणानंतर ताई आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर आईचा चेहरा उघडला, डावी भुवई निवडली आणि पुसून टाकली. त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. आता फक्त आठवून काढायची होती. ह्या घरात सगळ्यात जास्त वर्षं आईजवळ कोण राहिलं? तीच. मधला लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेला, धाकटा शिकायला गेला तो गेलाच. ताईने लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आईच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी होती. आणि तिला आईची भुवई आठवेना. झटक्यानंतरचा ओघळलेला चेहरा तेवढा डोळ्यांसमोर येई, त्याआधीचा नाही.

बाबा भिंत चाचपत दारात आले. "सुचत नाही?"

"बाबा, मला माहीतच नाही. ती वर आहे की खाली, किती वर, मला काही माहीत नाही. मी सगळा जन्म ह्या पडद्याकडे तोंड करून बसले. आई यायची ती मागून. चहा ठेवायची, मान दुखेल म्हणायची, गिऱ्हाइकाला शिव्या घालायची, तास तास मागे उभी राहून बोलायची. मी हो हो करत रेघ ओढत राहायचे. मला तिचा आवाज पाठ आहे. चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. ह्या दोघांना निदान तिची भुवई, नाहीतर हसणं तरी आठवतं."

बाबांनी हाताने खुर्चीची पाठ शोधली, शेजारचं स्टूल ओढलं आणि बसले. "तुझा हात कुठाय? त्या उंदरावर आहे ना? माझा वर ठेवतो. आता सांग, नाक कुठे संपतं?"

"इथे."

"इथून सुरू कर. जाड. हळू. आता वर, अजून वर, घाई नको करूस, ती घाईत वर जायची नाही. आधी ऐकून घ्यायची सगळं. हां, आता वळण. इथे थोडी मोडल्यासारखी होती, कोपर मुडपतो तशी. आणि मग एकदम खाली, बारीक होत."

त्यांचा हात तिच्या हातावर होता, जड आणि कोरडा. अक्षरं कापण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात. तो कुठे थांबायचं, कुठे दाबायचं ते विसरला नव्हता. ताई त्याच्याखाली रेघ नेत होती आणि बिंदू टाकत होती. चारच बिंदू लागले. हात काढून ती मागे सरली, आणि पडद्यावर एक बाई तिच्याकडे बघत होती, जी तिच्या बोलण्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवायला तयार नव्हती.

ताई बघतच राहिली. हिच्याशी आपलं कधी बोलणंच झालं नाही, असं तिला वाटलं.

"झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली, बाबा."

"मग मी जरा पडतो," ते म्हणाले आणि भिंत धरून बाहेर गेले.

वहिनी भांडी आवरून आली. पडद्याकडे बघून आधी तिने तोंडावर हात ठेवला. मग दार हळूच लोटलं.

"ताई, एक बोलू? रागावू नका. गिऱ्हाइकाला तुम्ही एका पाटीला आठ-आठ दिवस लावता. आजच्या आज करायची घाई कुणाला आहे? धाकटे भावोजी सोमवारी कामावर जाणार. चेहरा जमला नाही, तर रिकामे जातील. पुढचं पुढे."

"म्हणजे मी मुद्दाम चुकवू?"

"मी कुठे म्हटलं? सावकाश करा म्हटलं."

"रेघेत लबाडी मी कधी केली नाही," ताई म्हणाली, आणि ती इतकी ताठ बोलली की वहिनी आल्या पावली परत गेली.

पण बोलणं कानात राहिलं. बाहेर बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. दिवसा ते असे घोरायला लागले की ताई बाहेरच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. उद्या दार ओढायला कारण राहणार नव्हतं. दुपारचा चहा एकच कप. रात्री कधीही जेवा. नुसती शांतता. दिवसभर दुसऱ्यांच्या फुलांच्या आणि घोड्यांच्या रेघा, आणि संध्याकाळी बोलायला कोण? कॉम्प्युटर?

तिने भुवईचा तिसरा बिंदू धरला, जिथे ती मोडत होती तो. आणि किंचित खाली ओढला. अगदी किंचित. डोळ्याला कळणारही नाही इतका. पण ज्या बोटाला कळायचं त्याला कळणारच. बाबा म्हणतील, अजून नाही. धाकटा चिडेल, घड्याळ बघेल, निघून जाईल. ह्या आठवड्यापुरतं. ताईने बरोबर रेघेची फाइल वेगळी ठेवली, चुकीची मधल्याकडे पाठवली, आणि चोरी केलेल्या माणसासारखी हात धुवायला गेली.

खाली मशीनचा आवाज सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला. मग बराच वेळ कानशीचा आवाज येत राहिला. ऊन उतरायला लागलं तेव्हा मधला नवा पत्रा घेऊन वर आला.

पुन्हा सगळे जमले. ह्या वेळी कुणी पदर हातात घेतला नव्हता. धाकटा तर उभाच होता, किल्ली बोटात. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बाबांनी बोट हनुवटीवर टेकवलं. ओठ. नाक. मग उजवी भुवई, भरकन. मग डावी. बोट रेघेने वर चढलं, मोडीपाशी आलं आणि थांबलं.

ते तिथे बराच वेळ थांबलं. किंचित मागे गेलं, परत आलं. म्हणा, ताईने मनात म्हटलं. नाही म्हणा, बाबा.

"हां," बाबा म्हणाले. "हीच. आता कशी सापडली बघा!"

मधल्याने टाळी वाजवली. वहिनीने झटकन ताईकडे पाहिलं.

"बरोबर आहे ना? नक्की?" धाकट्याने विचारलं.

"ताई कधी चुकते का? चला, अंधाराच्या आत पोचायचं म्हणत होतास ना."

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. बॅगा खाली गेल्या. औषधांची पिशवी गेली, काठी गेली, बाबांची उशीसुद्धा गेली, कारण दुसऱ्या उशीवर त्यांना झोप लागत नसे. मधला आणि धाकटा गाडीच्या मागच्या बाजूला बॅगा बसवताना पुन्हा लहानपणासारखे भांडायला लागले, वहिनी दोघांना सल्ले देऊ लागली, आणि ताई बाबांना हाताला धरून एकेक पायरी खाली आणू लागली. पत्रा त्यांनी कुणाला दिला नव्हता. काखेत धरला होता.

अर्ध्या जिन्यात ताईला राहवेना. "बाबा, थांबा. जाऊ नका. भुवई चुकलीये."

"हळू बोल."

"मी चुकवलीये. मुद्दाम."

"माहीत आहे. बोट लावल्याबरोबर कळलं. दुपारी माझ्याच हाताखालून काढलीस ना ती."

"मग बरोबर का म्हणालात?"

बाबांनी पायाने पुढची पायरी शोधली, सापडली, पण उतरले नाहीत. "आज नाही म्हणालो असतो, तर उद्या आणखी एक पत्रा. परवा आणखी एक. तुला चुकायची सवय नाही, त्रास झाला असता." ते थांबले. "मोरीत पडलो त्या दिवशी तुला मला उचलता येईना, म्हणून तू शेजारी फरशीवर बसलीस. आठवतं? तुला वाटलं, मधला येईपर्यंत बाबा शुद्धीत नाहीत. मी होतो शुद्धीत. तू रडत होतीस. मला दिसत नाही, ताई, ऐकू येतं. डोळे गेले तेव्हा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. पुन्हा नको. मी जातो ते पायऱ्यांना भिऊन नाही."

खाली धाकट्याने गाडीचं मागचं दार आपटलं.

"निदान बरोबरचा पत्रा तरी घेऊन जा," ताई म्हणाली. "फाइल तयार आहे. मधला आत्ता कापून देईल, वेळ नाही लागणार."

"नको. मला काय करायचाय? मला ती पाठ आहे. ह्या चुकीच्या रेघेवरून बोट नेलं, तरी तिथे आलं की मी ते आपणच वर नेईन." त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं. "तू म्हणालीस, तुला माहीत नाही. बरोबरचा तू ठेव."

मग ते उतरले. गाडीत बसले, पट्टा लावून घेतला, पत्रा मांडीवर ठेवला. मधल्याला काहीतरी मशीनचं सांगितलं, वहिनीला पोरींसाठी काहीतरी सांगितलं. ताईला काही सांगितलं नाही, फक्त तिच्या दिशेने हात हलवला, जरासा चुकीच्या दिशेला. तिथे वहिनी उभी होती. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळली.

"चला ताई, आमच्याकडे," वहिनी म्हणाली. "आज एकट्या नका राहू."

"येते मागून. तू हो पुढे." मग ती मधल्याकडे वळली. "मशीन चालू कर. एक पत्रा कापायचाय."

"आत्ता? कुणाचा?"

"माझा."

मधल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ताईने फाइल दिली. मशीनचं डोकं पत्र्यावरून फिरू लागलं, रेघेवरून ठिणगी धावू लागली. कपाळ झालं, नाक झालं, मग भुवई. आधी वर, अजून वर, मग मोड, मग एकदम खाली. कुठे अडलं नाही. मधल्याने पत्रा काढून टेबलावर ठेवला, कानस घेतली.

"राहू दे," ताई म्हणाली. "मी घासते. तू जा, वहिनी वाट बघत असेल."

तो गेला. त्याच्या चपला फाटकापर्यंत वाजल्या आणि रस्त्यावर मिसळून गेल्या. ताईने डोळे मिटले आणि बोट हनुवटीवर टेकवलं. पत्रा अजून गरम होता आणि कडेला कूस होती, बोटाला टोचत होती. ओठ. नाक. मग आईची डावी भुवई, हळू, घाई न करता, वर. मोड लागली. तिथे बोट थांबलं आणि तिला रडू आलं, मोठ्याने, लहान मुलासारखं. सवयीने तिने तोंडावर हात दाबला. मग तिच्या लक्षात आलं की वर आता ऐकणारं कुणी नाही, आणि तिने हात काढला.